नेमलेला वकील आणि नाकारलेला बचाव

फौजदारी खटल्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील नेमून दिला की राज्यघटनेचे काम संपले, अशी एक सोयीची समजूत आपल्याकडे न्यायासनापासून गावच्या पोलीस पाटलापर्यंत सर्वांनी करून घेतली आहे. वकीलपत्रावर अंगठा उठला, रोजनाम्यात वकिलाचे नाव चढले, आणि आरोपीचा बचाव सिद्ध झाला! मग त्या वकिलाने आरोपीची एकदाही भेट घेतली नसेल, दोषारोपपत्राची पाने साक्षीच्या दिवशी सकाळीच प्रथम उघडली असतील, महत्त्वाच्या साक्षीदारापुढे 'उलटतपास नाही' एवढे दोन शब्द उच्चारून तो खाली बसला असेल, तरी कागदोपत्री सारे यथासांग असते. याविरुद्ध कोणी तोंड उघडलेच तर उत्तर ठरलेले आहे: फुकट वकील मिळाला, आता आणखी काय हवे? धर्माची गाय आणि दात का नाय!

खेदाची गोष्ट अशी की हे उत्तर आता आपल्या चळवळीतील साथींच्या तोंडीही ऐकू येऊ लागले आहे. एखाद्या शेतमजुराचा मुलगा अडकला, त्याला नेमून दिलेला वकील लक्ष घालीत नाही, अशी तक्रार घेऊन त्याचे आईबाप आले की कार्यकर्ता मोठ्या कळवळ्याने सल्ला देतो, 'त्याच्या भरवशावर राहू नका, काहीतरी विकून चांगला वकील करा.' सल्ला सद्‌हेतूचा असतो. पण त्याचा अर्थ एवढाच होतो की जो हक्क घटनेने दिला आहे तो निरुपयोगी आहे, हे आपण स्वतःच्या तोंडाने मान्य केले आणि त्या कुटुंबाला सावकाराच्या दारात नेऊन सोडले. प्रस्तुत लेखातील भांडण सरकारशी आहे, न्यायसंस्थेशी आहे, पण प्रथम या सल्ल्याशी आहे.

कळंब तालुक्याचेच उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातील हा कोरडवाहू कापसाचा मुलूख. चिंतामणीच्या देवळामुळे कळंबचे नाव दूरवर पोचले आहे. तालुक्याच्या आडबाजूला असलेल्या कोलाम पोडांची नावे मात्र मतदार याद्यांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नसतात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल मानले आहे त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील बोली. कोर्टातल्या मराठीशी, आणि त्याहून अधिक कोर्टातल्या इंग्रजीशी, तिचा काडीचाही संबंध नाही. समजा, अशा पोडावरच्या एका सालदारावर खुनाचा आळ आला. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे. मग यवतमाळच्या कारागृहात त्याची रवानगी. खटला यवतमाळच्या सत्र न्यायालयात. शिक्षा झाली तर अपील नागपूरच्या खंडपीठात. या साऱ्या प्रवासात त्याच्या बाजूने बोलण्यासाठी कायद्याने एकच माणूस दिलेला आहे. तो माणूस गप्प बसला तर सबंध यंत्रणेत त्याची भाषा बोलणारा, अक्षरशः आणि अलंकारिक अर्थानेही, कोणी उरत नाही.

या आरोपीची फसगत पहिल्या शब्दापासूनच सुरू होते. त्याला सांगण्यात येते, 'तुला सरकारी वकील दिला आहे.' आता मराठीत सरकारी वकील म्हणजे कोण? जो पोलिसांच्या बाजूने उभा राहतो, ज्याच्या भाषणाच्या शेवटी 'आरोपीस कठोर शिक्षा द्यावी' असे येते, तो! गावातल्या माणसाला हा अर्थ चांगला ठाऊक असतो. त्यामुळे आपल्याला दिलेला वकील हा सरकारचा, म्हणजे पोलिसांचाच माणूस, असे तो धरून चालतो आणि घटनेच्या रात्री आपण कोठे होतो, कोणी पाहिले, मारहाण कोठे झाली, यांतले काहीही त्याला सांगत नाही. वकीलही विचारीत नाही. दोघांच्या मौनातून खटला पुढे सरकतो आणि शेवटी निकालपत्रात वाक्य येते की आरोपीने बचावाचा पुरावा दिला नाही. एका चुकीच्या शब्दाने केवढे काम केले पाहा! विधी सेवेचा वकील, बचावाचा वकील, हे शब्द कार्यकर्त्यांनी तरी काटेकोरपणे वापरले पाहिजेत, आणि तुरुंगात पहिल्या भेटीला जाताना आरोपीला सर्वांआधी हेच समजावून सांगितले पाहिजे की हा वकील तुझा आहे, त्याला पैसे कोणीही देवोत.

आणि पैसे तरी कोण देतो? १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ घटनेत आले. त्याच दुरुस्तीने आणीबाणीत घटनेची जी मोडतोड झाली तिच्याविषयी समाजवाद्यांनी बोलावे तितके थोडेच. पण त्या ढिगाऱ्यातून हा एक दाणा मात्र हाती लागला. १९८७ सालचा विधी सेवा प्राधिकरण कायदा प्रत्यक्ष अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आठ वर्षे तो कायदा कपाटात निजला होता, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र ठरते. त्यांना उत्पन्नाचा दाखला मागण्याचे कारण नाही. हा खर्च करदात्यांच्या पैशातून होतो, आणि काडेपेटीसारख्या वस्तूंमागे कर भरणारा सालदारही त्या करदात्यांत आहे. तेव्हा ही गाय धर्माची नाही. तिचे दात मोजण्याचा आपल्याला अधिकार आहे.

हा अधिकार मी मनातून काढलेला नाही. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा स्पष्ट उच्चार केला आहे. होस्कोट हे विद्यापीठातील अध्यापक. बनावट पदव्यांच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली होती आणि उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर हाती न पडल्यामुळे अपिलाची मुदत वर्षानुवर्षे मागे पडली होती. त्यांचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जे दंडक घालून दिले ते आजही कायदा आहेत: कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व तात्काळ मिळाली पाहिजे, तो वकील करू शकत नसेल तर न्यायालयाने त्याला सक्षम वकील नेमून दिला पाहिजे, आणि त्या वकिलाला कैद्याची हरकत नसली पाहिजे. सक्षम, आणि हरकत नसलेला! महाराष्ट्राच्या एका कैद्याच्या अर्जावर लिहिले गेलेले हे दोन शब्द महाराष्ट्राच्याच किती न्यायालयांत आरोपीला समजावून सांगितले जातात? वकील नेमताना 'याला तुझी काही हरकत आहे काय' असा प्रश्न आरोपीच्या भाषेत विचारून त्याचे उत्तर नोंदविण्याची पद्धत रूढ झाली असती, तर आजचा अर्धा लेख अनावश्यक ठरला असता.

यावर व्यवहारी लोक म्हणतील की आरोपी वकील बदलून मागू लागले तर खटले चालायचे कसे? या आक्षेपाचे उत्तर मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात उभारलेल्या विशेष न्यायालयाने २००९ सालीच देऊन ठेवले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हत्याकांडातील अजमल कसाब याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने केला होता. न्यायालयाने अंजली वाघमारे यांना नेमले, तेव्हा त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. पुढे असे आढळले की हल्ल्यातील एका पीडित साक्षीदाराच्या नुकसानभरपाईच्या दाव्यातही त्यांनी वकीलपत्र घेतले आहे. हितसंबंधांचा हा विरोध दिसताच १५ एप्रिल २००९ रोजी त्यांची नेमणूक रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी अब्बास काझमी नेमले गेले. नोव्हेंबर अखेर न्यायालयाने त्यांनाही दूर केले आणि के. पी. पवार यांनी काम पुढे नेले. काझमींना दूर करणे बरोबर होते की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. बचावाचा वकील न्यायालयाच्या वेगाला अडथळा वाटू लागला की काय होते, याचाही तो एक धडा आहे. मुद्दा हा की एका खटल्यात दोनदा वकील बदलला आणि तरीही मे २०१० मध्ये निकाल लागला. खटला कोसळला नाही. शंभराहून अधिक माणसांच्या हत्येतील आरोपीसाठी जी दक्षता न्यायालय एका दिवसात दाखवू शकते, ती कळंबच्या सालदारासाठी दाखविण्यास अडचण कसली? अडचण एकच: कसाबच्या खटल्याकडे जगाचे डोळे लागले होते, सालदाराच्या खटल्याकडे त्याच्या बायकोचेही लागू शकत नाहीत, कारण तिची त्या दिवसाची मजुरी बुडते.

त्याच प्रकरणात २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीला प्रथम हजर करतानाच, वकील मिळण्याचा तुझा हक्क आहे, हे त्याला सांगणे हे प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यात कसूर झाल्यास त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. निकाल चांगला आहे. त्याची मेख मात्र पुढच्या वाक्यात आहे. खटल्याच्या सुरुवातीला वकील नसेल तर खटला दूषित होतो, पण त्याआधीच्या टप्प्यावर वकील नसला तर प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही. अन् गरिबाचे नुकसान बहुधा त्याआधीच्या टप्प्यावरच होऊन चुकलेले असते! गंभीर गुन्ह्यांत नव्वद आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. पण तो आपोआप हातात पडत नाही, अर्ज करावा लागतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी अर्ज घेऊन उभा राहणारा वकील असेल तर माणूस घरी येतो. वकिलाने दिवस मोजले नाहीत आणि दरम्यान दोषारोपपत्र येऊन पडले, तर तो हक्क संपला. ज्याने दिवस मोजले नाहीत त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते आत बसलेल्याचे.

वकिलाच्या निष्काळजीपणाची किंमत माणसाला किती पडते, याची दोन उदाहरणे येथे पुरे आहेत. आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या खांडव्यात २०१३ साली एका मुलीच्या हत्येच्या खटल्यात आरोपीसाठी १९ फेब्रुवारीला वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी आरोप ठेवले गेले. ४ मार्चला फाशीची शिक्षा झाली. तेरा दिवस! अनोखीलाल प्रकरण म्हणून ते कायद्याच्या पुस्तकांत गेले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने ती शिक्षा रद्द केली आणि सांगितले की ज्या गुन्ह्यात जन्मठेप वा फाशी होऊ शकते तेथे किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा, त्याला तयारीसाठी साधारणतः निदान सात दिवस द्यावेत आणि आरोपीशी भेटू द्यावे. फेरखटल्यांच्या फेऱ्यांतून २०२४ साली तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षे गेली ती गेली.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १९९४ सालच्या एका सामूहिक हत्याकांडात राजस्थानातून आलेल्या एका मुलाला फाशी सुनावली गेली. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय बारा वर्षे होते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण केव्हा? २७ मार्च २०२३ रोजी, तो अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढून झाल्यावर, त्यांतील पंचवीसहून अधिक वर्षे फाशीच्या छायेत! मूळ खटल्यात त्याच्या वयाचा मुद्दा उभाच राहिला नव्हता. शाळेच्या दाखल्यावर जे होते ते विचारण्यास एक पोस्टकार्ड पुरले असते. नागपूरच्या तुरुंगातून तो बाहेर पडला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता.

मग दोष सर्वस्वी वकिलांचा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. विधी सेवेच्या कामाचे मानधन तुटपुंजे, ते हाती पडण्यास विलंब, कागदपत्रांच्या प्रती वेळेवर मिळत नाहीत, तुरुंगात भेटीसाठी ताटकळावे लागते, आणि आता तर आरोपीला पडद्यावरच हजर करण्याची प्रथा वाढल्यामुळे कोर्टाच्या व्हरांड्यात होणारी दोन मिनिटांची गाठही दुर्मीळ झाली आहे. अशा स्थितीतही पोटतिडकीने लढणारे वकील आहेत. २०२२ सालापासून पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची पद्धत बहुतेक जिल्ह्यांत आणली गेली. ती दिशा योग्य आहे. पण एकाच कार्यालयातले वकील एकाच गुन्ह्यातील दोन परस्परविरोधी आरोपींचा बचाव कसा करणार, हा प्रश्न तेथे उभा राहतोच. आणि त्या कार्यालयावर देखरेख त्याच जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाची, ज्यांच्या न्यायालयांना खटल्यांच्या निकालीची घाई असते. भांडखोर वकील कोणाला आवडतो? सरकारी पक्षाकडे पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहे, कायम नोकरीतले अभियोक्ते आहेत. आरोपीच्या पारड्यात एक थकलेला माणूस टाकून तराजू समतोल झाल्याचे सांगणे, ही वर्गीय समाजातील न्यायाची नेहमीची हातचलाखी आहे. परंतु व्यवस्था वाईट आहे म्हणून विशिष्ट वकिलाच्या विशिष्ट कसुराविरुद्ध तक्रार करू नये, हा निष्कर्ष मला मान्य नाही. गिरणीमालक तोट्यात आहे म्हणून कामगाराने पगार मागू नये, असे आपण कधी म्हटले आहे काय?

आता कामाचे बोलू. तक्रार करण्याची वेळ शिक्षा झाल्यानंतरची नाही. 'माझा वकील वाईट होता' हे अपिलात सांगणाऱ्या आरोपीला वरिष्ठ न्यायालय विचारते, तेव्हा का बोलला नाहीस? आणि नोंदीत त्याचे उत्तर देणारे काहीच नसते. म्हणून खटला चालू असतानाच, साध्या कागदावर, आरोपीच्या सहीने किंवा अंगठ्याने, खटला चालविणाऱ्या न्यायाधीशांच्या नावे अर्ज गेला पाहिजे. कारागृह अधीक्षकामार्फत पाठविता येतो. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. अर्जात 'वकील चांगला नाही' असे लिहिल्याने काही साधत नाही. वकील अमुक तारखेपासून नेमलेला आहे, आजवर एकदाही भेटलेला नाही. दोषारोपपत्राची प्रत मला मिळालेली नाही. अमुक साक्षीदाराचा उलटतपास घेतला नाही आणि त्याला हे प्रश्न विचारावयाचे होते. मी कोलामी बोलतो, साक्ष मला कोणी समजावून दिली नाही. तारीख आणि गोष्ट, एवढेच. वकील बदलून मिळाला तर नव्या वकिलाने त्या साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यासाठी लगोलग अर्ज करावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली न्यायालयाला तो अधिकार आहे. हे केले नाही तर वकील बदलल्याचा उपयोग अर्धाही होत नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. मनाजोगता वकील निवडून मागण्याचा हक्क सरकारी खर्चात मिळत नाही. नेमलेल्यावर सकारण हरकत घेता येते, एवढेच. आणि दर तारखेला नवा वकील मागणारा आरोपी स्वतःचाच तुरुंगवास लांबवितो. वकिलाने आरोपीच्या घरच्यांकडे पैसे मागितले असतील तर मात्र तो वेगळा आणि गंभीर मामला आहे: २०१० सालच्या 'निःशुल्क व सक्षम विधी सेवा' विनियमांनी त्याला मनाई आहे, आणि वकिली कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडेही तक्रार करता येते. त्या विनियमांप्रमाणे विधी सेवेच्या खटल्यांवर लक्ष ठेवणारी देखरेख समितीही असावी लागते. ती कधी बैठक घेते, घेते की नाही, हे विचारण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्यास कोणत्याही साथीला अडचण नाही.

एका माणसाच्या अर्जाने काय होणार, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील क्लॅरेन्स गिडियन आठवावा. घरफोडीच्या आरोपात वकिलाविना शिक्षा झालेल्या या निर्धन माणसाने फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाला मान्य करावे लागले की गरिबाला वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. फेरखटल्यात वकिलासह उभा राहिल्यावर तोच गिडियन निर्दोष सुटला. पण त्याच अमेरिकेत १९८४ साली न्यायालयाने नालायक वकिलाविरुद्धच्या तक्रारीसाठी इतकी कठीण कसोटी ठरविली की ती पार करणे आरोपीला फार क्वचित जमते. वकील असण्याचा हक्क आणि वकिलाने काम करण्याचा हक्क यांतली दरी तेथेही बुजलेली नाही.

आपल्याकडे निदान शब्द तरी आपल्या बाजूचे आहेत. २ डिसेंबर २०२४ रोजी अशोक विरुद्ध उत्तर प्रदेश या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने म्हटले की विधी साहाय्य हे नाममात्र नसावे, परिणामकारक असावे. आरोपीला वकील नसेल तर ते न्यायालयाच्या नजरेस आणणे हे सरकारी अभियोक्त्याचेही कर्तव्य आहे. आणि राज्य प्राधिकरणांनी नेमलेल्या वकिलांच्या कामावर लक्ष ठेवावे. हा निकाल मराठीत एका पानावर आणून कळंब तालुका विधी सेवा समितीच्या फलकावर लावावा, अशी लेखी मागणी आपल्या तालुका शाखेने करावी. समितीचे अध्यक्ष त्याच तालुक्यातील ज्येष्ठ न्यायाधीश असतात. मागणी त्यांच्याच नावे द्यावी आणि पोच घ्यावी. सोबत दुसरी मागणी अशी की आरोपी कोलाम किंवा गोंड असेल तेथे वकिलाच्या पहिल्या भेटीला त्याची बोली जाणणारा विधी स्वयंसेवक बरोबर असावा. असे तरुण पोडांवर आहेत. त्यांची नावे गोळा करून अर्जाला जोडण्याचे काम आपले आहे, आणि त्यासाठी एक रविवार पुरेल.